चूलबंद आवतन

अकोल्याच्या एका मृदाशास्त्रज्ञांना मागच्या उन्हाळ्यात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक परिषदेत बीजभाषण करण्याचं आवतन आलं. हयातभर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात फिरून ज्यांनी मातीतलं मीठ मोजलं, त्यांनी आता युरोपातल्या एका शहरात जाऊन जमलेल्या डॉक्टर मंडळींना चार गोष्टी सांगायच्या होत्या. 'या क्षेत्रातलं आपलं मोलाचं योगदान' असा मेलमध्ये स्पष्ट उल्लेख होता. विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं, राहण्याचं आपलं आपण पाहायचं आणि वर नोंदणीचे डॉलर भरायचे, एवढीच काय ती अट. साहेबांनी मेल मोठ्यानं वाचून दाखवला. स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "तुमाले बाळंतपणातलं काय समजते? माह्या वक्ताले तं तुम्ही माती आणाले पातूरले गेले होते."

साहेबांनी अमरावतीला फोन लावला. तिथं त्यांचे साडू एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात.

"साडभाऊ, मले बाळंतपणाच्या परिषदेले बोलावून रायले."

"मंग जाऊन या. मले कालच दंतवैद्यकाच्या संपादक मंडळावर घेतलं. तुमच्याकडे बाळंतपण, माह्याकडे कवळी."

दोघंही हसले. पण दोघांपैकी एकानंही तो मेल पुसला नाही, आणि सगळी गोम तिथंच आहे.

वऱ्हाडात आवतन ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. त्याचे प्रकार आहेत. घरातल्या एकाला सांगितलं तर एकच जण येतो आणि मनातल्या मनात सांगणाऱ्याची किंमत करून जातो. जिथं जिव्हाळा असतो तिथं आवतन चूलबंद असतं. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही. म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं. आवतन नसताना पंगतीला बसलेला माणूस जितका लक्षात राहतो, तितकाच आवतन असून न आलेलाही राहतो. त्यामुळे कोणी बोलावलं की जावं, जमत नसेल तर निदान निरोप तरी धाडावा, हे इथल्या हाडात मुरलेलं आहे. अकोल्याचे साहेब दर आवतनाला नेमानं दोन ओळींचं उत्तर लिहीत. आपण आभारी आहोत, पण पेरणीचे दिवस असल्यानं येता येत नाही. जगभरातल्या किती संशयास्पद संस्थांना वऱ्हाडातल्या पेरणीची बित्तंबातमी त्यांच्यामुळे लागली असेल, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

गंमत अशी की जगातलं पहिलं स्पॅम मानतात तेही आवतनच होतं. ३ मे १९७८. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या अर्पानेट या जाळ्यावर मूठभर विद्यापीठं आणि संशोधनसंस्था जोडलेल्या होत्या. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांना आपली नवी यंत्रं कॅलिफोर्नियात लोकांना दाखवायची होती. एकेकाला कुठं लिहीत बसा, म्हणून त्यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकदमच बोलावलं. पत्ते इतके झाले की पत्त्याची जागा संपली आणि उरलेले मजकुरात सांडले. म्हणजे जवळपास चूलबंदच. लोक भडकले, वरून तंबी आली. मात्र यंत्रंही खपली, असं थर्क पुढं सांगत आले. या धंद्याचं पुढचं सगळं गणित त्या एका गोष्टीवर उभं आहे: शंभर जणांनी शिव्या घातल्या तरी चालतात, एकानं पाकीट काढलं की झालं.

स्पॅम हा शब्द मुळात डबाबंद मांसाचा. हॉर्मेल या अमेरिकी कंपनीनं तो डबा १९३७ मध्ये बाजारात आणला. १९७० मध्ये माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींनी त्यावर एक प्रहसन केलं. त्यातल्या खानावळीत जे मागाल त्यात स्पॅम असतंच, आणि शेजारच्या टेबलावरचे व्हायकिंग त्याच नावाचा असा घोष लावतात की बाकी कोणाचं बोलणं ऐकूच येत नाही. अमरावतीत समजा गिला वडा मागावा, चहा मागावा, नुसतं पाणी मागावं आणि दर वेळी बशीत आलूबोंडाच यावा, असं काहीसं. पुढं बिल गेट्स यांनी जानेवारी २००४ मध्ये दावोसला सांगितलं की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. आज जगात जाणाऱ्या ईमेलपैकी जवळपास निम्मे स्पॅमच असतात. आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी सिंचनाच्या तारखा दिल्या की लोक उगाच त्यांनाच नावं ठेवतात.

पण बाजारातलं स्पॅम वेगळं आणि विद्यापीठातलं वेगळं. बाजारातलं स्पॅम लॉटरीचं, गोळ्यांचं, नायजेरियातल्या विधवेच्या कोट्यवधींचं. त्याला फसवणुकीच्या तिथल्या कलमावरून ४१९ म्हणतात. योगायोगानं आपल्या जुन्या भारतीय दंडविधानातही ४१९ हे तोतयेगिरीनं फसवणाऱ्याचंच कलम होतं. आपली सगळी प्रसिद्धी मात्र शेजारच्या ४२० नं खाल्ली. प्राध्यापक अशा मेलला सहसा भुलत नाही. कोट्यवधी रुपये आपल्याला मिळतील यावर त्याचा विश्वासच नसतो. 'आपला शोधनिबंध वाचून आम्ही प्रभावित झालो' या वाक्यावर मात्र बसतो, कारण तो निबंध कोणीतरी वाचावा म्हणून तो बारा वर्षं वाट पाहत असतो.

त्यात भर सरकारी नियमांची. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी एपीआय नावाची गुणपद्धती आणली. निबंधाला गुण, परिषदेतल्या भाषणाला गुण, आणि 'आंतरराष्ट्रीय' असेल तर जास्त गुण. त्याबरोबर गल्लीबोळात आंतरराष्ट्रीय नियतकालिकं उगवली. इकडून पैसे भरा, तिकडून निबंध छापून घ्या. कोलोरॅडोच्या जेफ्री बील या ग्रंथपालांनी त्यांना 'शिकारी' नियतकालिकं म्हटलं आणि त्यांची यादी ठेवली. २०१७ च्या जानेवारीत ती यादी जाळ्यावरून उतरली. आयोगानं आपली मान्यताप्राप्त यादी केली, तर २ मे २०१८ रोजी तिच्यातूनच ४३०५ नावं काढायची वेळ आली. त्याच वर्षी पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांतली ८८ टक्क्यांहून जास्त दर्जात बसत नाहीत. मग पुण्यातच कक्ष बसवून 'केअर' नावाची नवी यादी आली. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. हैदराबादच्या ओमिक्स समूहाला तर अमेरिकेतल्या न्यायालयानं २०१९ मध्ये ५ कोटी १ लाख डॉलर भरायला सांगितले. फसवे दावे, लपवलेलं शुल्क आणि विचारल्याशिवाय परिषदांच्या जाहिरातीत टाकलेली शास्त्रज्ञांची नावं, असे आरोप होते.

या सगळ्यावर सर्वात झणझणीत उत्तर दिलं ते डेव्हिड मॅझिएरेस आणि एडी कोलर या दोन अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी. २००५ मध्ये एका परिषदेच्या आवतनांनी जीव नकोसा झाल्यावर त्यांनी दहा पानांचा शोधनिबंध लिहिला. शीर्षक, गोषवारा, प्रकरणं, आकृत्या, आलेख, सगळं रीतसर. मजकूर फक्त सात इंग्रजी शब्दांचा, तोच पुन्हा पुन्हा. अर्थ साधारण असा, की तुमच्या त्या अमक्या यादीतून माझं नाव काढा. त्यातला 'अमक्या'च्या जागचा शब्द वऱ्हाडातही बाया-माणसांसमोर उच्चारत नाहीत, आणि वऱ्हाड या बाबतीत सोवळं म्हणून प्रसिद्ध नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पीटर व्हॅम्प्ल्यू अशाच एका नियतकालिकाच्या मेलनी वैतागले. त्यांनी हाच निबंध उत्तरादाखल पाठवून दिला. यादीतून नाव काढतील अशी अपेक्षा होती. तिकडून परीक्षकांचा अभिप्राय आला: उत्तम. स्वीकारला आहे. १५० डॉलर भरा.

अमरावतीच्या सरांनी ही हकिगत खुर्ची सरसावून, दोनदा सांगितली. कुठं, तर सर्व्हरच्या खोलीत.

महाविद्यालयात एसी दोनच ठिकाणी चालतो, प्राचार्यांच्या दालनात आणि सर्व्हरच्या खोलीत. प्राचार्यांच्या दालनात बसायला काम लागतं. सर्व्हरच्या खोलीत बसायला तक्रार पुरते. त्यामुळे पारा ४४ वर गेला की स्पॅमच्या तक्रारी एकदम वाढतात, आणि मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर स्पॅम आपोआप आटोक्यात येतं, असा तिथं नेटवर्क सांभाळणाऱ्या पोराचा अनुभव आहे. पोरगा परतवाड्याचा, कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नवा. म्हणजे माणूस तोच, आदेश नवा. त्यानं रात्री दोन वाजता आपोआप चालणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला आहे. दिवसभर साचलेला कचरा तो गोळा करतो. पडद्यावर त्याचं नाव दिसतं: खराटा.

नाव उगाच ठेवलेलं नाही. वऱ्हाडातल्या पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव आहे. १ मे १९८३ ला नागपूर विद्यापीठातून ते वेगळं निघालं, बाबांचं नाव पुढं लागलं. बाबा जन्मले १८७६ मध्ये शेंडगावला, याच अमरावती जिल्ह्यात. डोक्यावर गाडगं, हातात खराटा. गावात शिरले की आधी गटारं आणि रस्ते झाडायचे, मग रात्री कीर्तन. पोराचं म्हणणं, आपलं अर्धंच काम होते. "झाडून तं देतो मी. कीर्तन कोनं कराव? सर लोकाईले कोन सांगावं का लिंक दाबू नका म्हणून?"

झाडण्याच्या त्याच्या तऱ्हा पाहण्यासारख्या आहेत. पहिली तऱ्हा म्हणजे ग्रे-लिस्टिंग. अनोळखी सर्व्हर मेल घेऊन दारात आला की त्याला म्हणायचं, आत्ता जमत नाही, थोड्या वेळानं या. सरळमार्गी सर्व्हर पाच-दहा मिनिटांनी परत येतो, कारण नियमच तसा आहे. लाखोंनी मेल फेकणाऱ्या टोळीच्या प्रोग्रॅमला एवढी सवड नसते, तो पुढच्या दारी जातो. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी ही युक्ती मांडली असं जग मानतं. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीतला बाबू हे ऐकून हसेल. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत, जेवणानंतर या' हे तो कधीपासून म्हणतोय, आणि ज्याचं काम खरं असतं तोच जेवणानंतर येतो. फरक इतकाच की खऱ्यालाही त्यात ताटकळावं लागतं. परीक्षेच्या कामाचा ओटीपी दहा मिनिटं चालतो आणि ग्रे-लिस्टिंगमधून अकराव्या मिनिटाला बाहेर पडतो. त्या दिवशी खोलीत तक्रार घेऊन जे आले, ते एसीसाठी आले नव्हते.

दुसरी तऱ्हा कागदपत्रं पाहण्याची. एसपीएफ म्हणजे आमच्या नावानं पत्र टाकायचा हक्क कोणत्या सर्व्हरना आहे त्याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरचं लाखेचं सील, वाटेत कोणी मजकूर बदलला तर ते फुटतं. आणि डीमार्क म्हणजे दारावरच्या माणसाला दिलेली सूचना. वरातीत कोणी घुसला आणि ओळख पटली नाही, तर नुसता लक्षात ठेवायचा, बाजूच्या खोलीत बसवायचा, की मांडवाच्या दारातूनच परत लावायचा? तिन्ही पर्याय खरोखर तसेच आहेत. वर्षानुवर्षं महाविद्यालयं हे सगळं 'करू' म्हणत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगल आणि याहू यांनी फर्मान लागू केलं: दिवसाला ५००० च्या वर मेल धाडायचे तर तिन्ही कागद हवेत, आणि लोकांच्या स्पॅमच्या तक्रारी हजारात तीनपर्यंत जाता कामा नयेत. तेव्हा कुठं अनेक ठिकाणी धावपळ झाली.

इतकं करून बाळंतपणाचं आवतन थांबलं का? नाही. कारण त्या परिषदवाल्यांचे तिन्ही कागद चोख असतात. सील पाकीट कोणी पाठवलं ते सांगतं, पाकिटात काय आहे ते नाही. खोटी परिषद स्वतःच्या खऱ्या नावानं, खऱ्या सर्व्हरवरून, खऱ्या सहीनिशी बोलावते. उलट महाविद्यालयाच्याच एका विभागाचे मेल सीलाविना जात होते, ते सहा महिने सगळीकडे अडकले.

राहता राहिली शिकाऊ गाळणी. पॉल ग्रॅहम यांनी ऑगस्ट २००२ मध्ये मांडलेली कल्पना अशी: नियम लिहीत बसू नका, शब्द मोजा. कचऱ्यातल्या मेलमध्ये कोणते शब्द जास्त येतात, चांगल्यात कोणते, ते यंत्राला शिकू द्या आणि संभाव्यता काढू द्या. गणित अठराव्या शतकातले इंग्रज पाद्री थॉमस बेझ यांचं. बिचाऱ्यांना कल्पनाही नसेल की आपलं सूत्र एक दिवस परतवाड्याच्या पोराच्या हाती पडेल. गाळणी लवकर शिकते, आणि ज्यांच्याकडून शिकते त्यांच्यासारखी होते. महाविद्यालयातले एक सर वरून येणारी प्रत्येक सूचना शांतपणे 'स्पॅम' म्हणून खूण करत. त्यांचं पाहून आणखी दोघा-तिघांनी सुरू केलं. यंत्रानं बोध घेतला की 'तात्काळ', 'सर्व संबंधितांनी' आणि 'न चुकता' हे शब्द असतील तो मेल कचरा. मार्च महिना त्या गाळणीखाली फार सुखात गेला. माहिती वेळेत का पोचली नाही याची चौकशी एप्रिलमध्ये लागली. चौकशीचा मेलही गाळणीत अडकला, कारण त्यात तिन्ही शब्द होते.

एका कचेरीचं परिपत्रक तर वेगळ्याच कारणानं अडकलं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर थेट मेलमध्ये डकवला की पलीकडे देवनागरी दिसतच नाही. दिसते ती इंग्रजी अक्षरांची, कंसांची आणि अर्धविरामांची मिसळ. यंत्रानं ती उघडून पाहिली आणि कोणीतरी गुप्त संदेश धाडतंय असं ठरवून कोपऱ्यात फेकली. पोरानं ती हुडकून प्राचार्यांना दाखवली. प्राचार्य बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे युनिकोडमधी पाठवलं असतं तरी यापेक्षा जास्त समजलं नसतं."

बाहेरून येणारा कचरा एक वेळ परवडतो. खरी आग लागते ती आपल्याच घरातून कचरा बाहेर जायला लागल्यावर. 'आपला मेलबॉक्स भरला आहे, इथं टिचकी मारून पुन्हा सुरू करा' असा मेल येतो. एखादे ज्येष्ठ सर टिचकी मारतात, पासवर्ड देतात. पासवर्ड बहुधा महाविद्यालयाचं नाव आणि पुढं १२३. रात्रीतून त्यांच्या खात्यावरून हजारो मेल जगभर जातात, आणि सकाळी स्पॅमहाउससारख्या काळ्या याद्यांमध्ये महाविद्यालयाचा पत्ता चढलेला असतो. मग विद्यार्थ्याचं शिफारसपत्र असो की प्राचार्यांची रजा, सगळं परत येतं. गावातल्या किराणा दुकानाच्या पाटीवर 'यांना उधार देऊ नये' म्हणून एकदा नाव लागलं की पैसे चुकते केले तरी पुसायला दुकानदाराच्या हातापाया पडावं लागतं, तसंच हे. ज्येष्ठ सरांना विचारलं तर ते म्हणाले, "माह्या नावानं एवढ्या लोकाईनं वाचलं तरी."

अकोल्याच्या एका कार्यालयातल्या अधीक्षकबाईंनी मात्र एक मोठा डाव एका वाक्यात उलथवला. वरिष्ठ साहेबांच्या नावानं मेल आला. मी बैठकीत आहे, फोन करू नका, मदत हवी आहे, तातडीनं पाच हजारांची दहा गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे क्रमांक धाडा. ही तऱ्हा देशभरातल्या विद्यापीठांत फिरून झालेली आहे. पत्ता जवळपास बरोबर होता, फोटोही साहेबांचाच. बाईंनी चष्मा लावला, पुन्हा वाचलं आणि मेल पुसला. कसं ओळखलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "याच्यात 'कृपया' लिवलं हाय. साहेब आपले नसन थे." सायबर सुरक्षेवरच्या कार्यशाळांत ही खूण शिकवत नाहीत.

पोलिसांत जावं म्हटलं तर पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक आहे, तक्रार घेतात. नुसत्या वैतागाला कलम नाही. त्रास द्यायला किंवा कुठून आला ते लपवून फसवायला धाडलेल्या ईमेलचा उल्लेख माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ मध्ये होता. त्याचा उपयोग पोलिसांनी भलत्याच कामाला केला. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते कलमच रद्द केलं. योग्यच केलं. बीजभाषणाच्या आवतनांना मात्र तेव्हापासून रान मोकळं आहे.

मग सामान्य माणसानं करायचं काय? प्रत्येक मेलच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'अनसबस्क्राइब' असतं, ते दाबायचं? याचाही अभ्यास झालेला आहे. न्यूझीलंडमधल्या पाच संशोधकांनी आपल्याच मेलपेट्या तपासल्या आणि निष्कर्ष 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१६ च्या नाताळ अंकात छापले. माणशी दिवसाला सरासरी २.१ आवतनं, त्यातली ८३ टक्के त्यांच्या विषयाशी फारसा संबंध नसलेली. त्यांनी नेटानं सगळीकडे नावं कमी करून घेतली. महिन्याभरात आवतनं ३९ टक्क्यांनी घटली. वर्षानंतर पाहिलं तर घट उरली होती १९ टक्के. गाजरगवत उपटलेल्या कोणत्याही वऱ्हाडी शेतकऱ्यानं हे आकडे न मोजता सांगितले असते.

अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत, न थांबता टाकला गेला आणि गिनेस बुकात नोंद झाली. त्याच रस्त्याच्या एका टोकाला बसून अमरावतीचे सर गेलं वर्षभर दंतवैद्यकाच्या त्या संपादक मंडळातून बाहेर पडायची खटपट करत आहेत. दर वेळी त्यांचा राजीनामा मिळाल्याबद्दल आभाराचा मेल येतो आणि सोबत परीक्षणासाठी दोन निबंध.

पोरानं सरांना शेवटी समजावलं होतं. पत्ते यांना मिळतात कुठून? तुमच्याच निबंधाच्या पहिल्या पानावरून, आणि महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ओळीनं लावलेल्या फोटोंखालून. तिथं घरावर पाटी आहेच. "पाटी पाहून येईन तो दार वाजवन, अन् कोनी बोललं नाही तं निंगून जाईन. तुम्ही उत्तर देलं म्हणजे झालं. घरात मानूस हाय, जागा हाय, अन् बोलते चांगला, हे त्याले समजलं." सरांना पटलं. त्यांनी हे अकोल्याला साडभाऊंना सांगायचं ठरवलं आणि विसरले.

त्यामुळे जे व्हायचं ते झालं. अकोल्याच्या साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं. पहिली पत्रिका राजराजेश्वराच्या पायाशी ठेवली, गावातली हातानं वाटली, आणि लांबच्यांसाठी साहेबांनी पत्रिकेची पीडीएफ केली. पत्ते निवडायला बसले, तर यंत्रानं विचारलं, सगळे घेऊ का? साहेब म्हणाले घे. आपण ज्याला उत्तर लिहितो त्याचा पत्ता यंत्र गुपचूप वहीत टिपून ठेवतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत पेरणीचं कारण सांगून ज्या-ज्या परिषदेला, संपादकाला आणि प्रकाशकाला त्यांनी निरोप धाडला होता, त्या सगळ्यांना एका टिचकीत सहकुटुंब सहपरिवार, चूलबंद आवतन गेलं.

दुसऱ्या दिवशी उत्तरं यायला लागली. एकानं सदिच्छा धाडल्या आणि स्वतःच्या परिषदेचं आवतन जोडलं. एकानं पत्रिकेला क्रमांक दिला. आणि तिसऱ्या दिवशी एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकानं कळवलं की आपलं हस्तलिखित मिळालं, विषय आमच्या कक्षेत बसतो, प्राथमिक छाननी पार पडली आहे. गोषवारा समाधानकारक आहे. फक्त कीवर्ड राहिले आहेत. पाच धाडावेत, सोबत प्रोसेसिंग फी.

रविवारी अमरावतीचे साडभाऊ लग्नाच्या कामाला अकोल्याला आले. अंगणात मांडवाचे बांबू उतरत होते. दोघं खाटेवर बसले आणि कागद घेतला. मुहूर्त, मांडव, अक्षता, मठ्ठा, इथपर्यंत एकमत झालं.

"पाचवा 'आहेर' टाका," अमरावतीकर म्हणाले.

"आहेर कसा टाकता? पत्रिकेत खाली लिवलं हाय नं, आहेर आणू नये म्हणून."

"मंग प्रोसेसिंग फी कायची मागून रायले थे?"